लंकाबाई रॉकेट पाहायला गेली

लंकाबाई माझी थोरली जाऊ. तोंडावर अहोजाहो, माघारी ती. आमच्याकडं असंच चालतं आणि तिला ते ठाऊक आहे. मी मोहिनी, पिंपरी पेंढारला अंगणवाडी चालवते. गावातलं कुठलं पोर कधी रांगलं, कुणाला दात उशिरा आले, सगळं मला तोंडपाठ. पण ज्या घरात नांदते त्या घरातल्या ह्या बाईचा ठाव मला इतक्या वर्षांत लागलेला नाही. आता लागायची आशाही सोडून दिली आहे.

तिचं माहेर बेल्ह्याचं. तिथला बैलांचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. तिचे वडील रखमाजी त्या बाजारात जनावर पारखून द्यायचे. लोक टेम्पो रिकामा उभा करून त्यांची वाट पाहायचे. ते जनावराचे दात पाहायचे, खूर पाहायचे, मग म्हणायचे, जरा चालवा. लहानपणी लंकाबाई बापाच्या धोतराला धरून तिथं फिरायची. तिथंच तिला ती खोड लागली. कुणी काही सांगितलं की ती ऐकून घेणार, मान हलवणार, आणि मग स्वतः जाऊन पाहून येणार.

तिचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट घरात अजून सांगतात. आमचे थोरले दीर भरतदादा तिला पाहायला गेले होते. पोह्यांची ताटली देताना तिनं त्यांना नीट न्याहाळलं, आणि म्हणाली, हात धुवायला पाणी मागं हाये, चला दाखवते. घरात बेसिन होतं. पण तिला माणूस चालताना पाहायचा होता. आमचे मालक अजून चिडवतात, वहिनीनं दादाचे दात तेवढे मोजायचे ठेवले. दादा हसतात. म्हणजे हसायचे.

गॅसची टाकी भरून आली तरी ती दोन्ही हातांनी उचलून पाहणार. नारायणगावच्या मार्केटातून व्यापाऱ्याचा फोन आला की आज टोमॅटोला उठाव नाही, तर ही टेम्पोत बसून मार्केटला जाणार. दुकानदाराशी भांडण नाही, आवाज नाही. नुसतं उभं राहून पाहणार. समोरचा माणूस त्यानंच अर्धा होतो. देवळातही तसंच. आम्ही सगळ्याजणी हात जोडले की डोळे मिटतो, ही टक्क उघडे ठेवून उभी. मी एकदा विचारलं, बाई, देवापुढं तरी मिटावेत. तर म्हणाली, एवढं चालत आले ते त्याचं तोंड पाहायला, आन हितं येऊन डोळं मिटू व्हय?

हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढं लागणार आहे.

हर्षाली तिची एकुलती एक. आमच्या घरात इंजिनिअरिंगला गेलेली पहिलीच. स्कूटीवरून कॉलेजला जायची. पोरगी आईसारखी गप्प नव्हती, तोंडाची टकळी चालूच. तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा कॉलेजची सहल ठरली, श्रीहरिकोट्याला, जिथून रॉकेट सोडतात तिथं. सोडताना लोकांना बसून पाहता यावं म्हणून तिथं गॅलरी बांधली आहे म्हणे, आपल्या कुस्तीच्या मैदानासारखी. हर्षाली घरभर नाचली. बॅग भरली. आणि दोन दिवस आधी बातमी आली की उड्डाण पुढं ढकललं.

पोरगी फुगून बसली. मग स्वतःच आईला समजावत होती, जणू आईच रुसली होती. म्हणाली, पुढं ढकललं म्हणजे रद्द नाही गं आई. सगळं नीट असल्याशिवाय सोडत नाहीत ते. लंकाबाई टोमॅटो निवडत होती. तिला ते पटलं. शानी माणसं हायेत म्हणाली, पाहून सोडत्यात. हर्षाली म्हणाली, मी तिथून तुला व्हिडिओ कॉल करीन, तूपण बघ. तर ही म्हणाली, मोबाईलात पाहिलेल्याला पाहिलं म्हनत न्हाईत. मग तू पण चल, पोरगी म्हणाली. आणि दोघी हसल्या.

बॅग तशीच भरलेली राहिली कपाटावर. पुढची तारीख यायच्या आत, कॉलेजातून परत येताना, आळेफाट्याच्या रस्त्यावर एका पिकअपनं तिला उडवलं. त्याहून जास्त मी सांगणार नाही. मला सांगता येत नाही.

दवाखान्यात पुरुष माणसं दारात आडवी उभी राहिली. वहिनी, नका पाहू म्हणाली. दादा भिंतीला टेकून खाली बसले होते, त्यांनीही मान हलवली. लंकाबाईनं कुणाला ढकललं नाही, ओरडली नाही. नुसती उभी राहिली त्यांच्यासमोर, आणि ती माणसं बाजूला झाली. तिनं कापड वर केलं. पाहिलं. कापड परत सारखं केलं, कडा ओढून घेतल्या, अंथरूण नीट करतो तशा. मी मागं उभी होते. मी तर किंचाळले. ती नाही.

त्यानंतर ती रडलीच नाही. आमच्याकडं सांत्वनाला बाया येतात त्या दारातूनच हंबरडा फोडत येतात, गळ्यात पडतात, आणि घरच्या बाईनंही त्यांच्याबरोबर रडायचं असतं. ही त्यांना थोपटायची आणि पाणी आणायला उठायची. सुतकात चूल पेटवू नये म्हणून शेजारून डबे येत होते, ते ती निमूट वाढायची. चौथ्या का पाचव्या दिवशी पाहते तर क्रेटपाशी बसून टोमॅटो निवडते आहे. कच्चे इकडं, पिकले तिकडं. हात चालले होते, डोळे मात्र कुठंच नव्हते. एक सडका टोमॅटो तिनं चांगल्यात टाकला. मी तो गुपचूप काढला आणि न्हाणीत जाऊन रडले. ज्या बाईच्या नजरेतून आजवर काही सुटलं नव्हतं, तिच्या समोरून आता सगळंच सुटत होतं.

गाव काय, बोलतंच. दगड झाली म्हणाले. एक बाई म्हणाली, आईचं काळीज असं कसं बाई. डोकंच फिरलं माझं. मी तिला म्हणाले, तुझं काळीज काढून दाखव आधी, मग बोल. तेव्हापासून ती माझ्याकडं पाहून तोंड फिरवते. फिरवू दे.

दशक्रिया नदीवर होती. आमच्या जुन्नर-आंबेगावात दशक्रिया म्हणजे सभाच. मंडप, स्पीकर, प्रवचनकार महाराज, आणि मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. ज्यांनी पोरीला कधी पाहिलं नाही ते तिच्या हुशारीवर बोलत होते. कॉलेजची बस भरून मुलं-मुली आली होती. त्यांत हुदा होती, जुन्नरची, हर्षालीची जिवाभावाची मैत्रीण. डोक्यावर ओढणी घट्ट धरून घाटाच्या पायरीवर एकटीच बसली होती.

पिंड ठेवले. शेजारी हर्षालीच्या आवडीचं म्हणून शेवपुरी ठेवली, कुरकुऱ्याचं पाकीट फोडून ठेवलं. कावळे समोरच्या झाडावर होते. भरपूर होते. पण एक खाली येईल तर शपथ. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकला आहे. मग घरच्यांनी एकेकानं पुढं यायचं, हात जोडायचे आणि शब्द द्यायचा. मामानं दिला, तुझ्या आईला अंतर देणार नाही म्हणून. आमच्या मालकांनी दिला. दादांनी दिला, पण काय म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले. कावळे फांदीवरच. ऊन चढलं. भाषणं संपली होती, लोकांची चुळबुळ सुरू झाली. क्रिया सांगणारे काका म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू या, चालतं तेही.

तेव्हा लंकाबाई बायांतून उठली. दहा दिवसांत तिनं कामापुरतं सोडून तोंड उघडलं नव्हतं. पिंडापाशी जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात, जेवायला हाक मारतो तशा आवाजात म्हणाली,

"हर्षे, मी जाते. राकेट मी पाहून येते तुझ्यासाठी. जा तू."

ती मागं वळली न वळली तोच कावळा खाली आला. शेवपुरीला शिवला नाही, पिंडाला शिवला. बायांनी एकदम पदर डोळ्यांना लावले. मी अंगणवाडीची बाई आहे, मुलांच्या हाताला काळा दोरा दिसला की आयांवर कावते. पण त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला, तो आला.

घरी आल्यावर चार दिवसांनी दादांना कळलं की ती खरंच जायचं म्हणते आहे. त्यांचा स्वभाव शांत, पण त्या दिवशी ते तडकले. म्हणाले, कावळा भुकंनं आला. शब्दाबिब्दाचं काय न्हाई त्यात. तिथं जाऊन काय मिळणार, पोरगी गेली ती गेली. गाव हसल, लेकीचं वर्षश्राद्ध झालं न्हाई आन आई सहलीला निघाली. लंकाबाई ऐकत होती. मग म्हणाली, शब्द दिलाय. आणि पीठ मळायला लागली.

मी दादांशी कधी वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हणाले, हसू दे ना गाव, दात दिसतील त्यांचे. इतक्या दिवसांत बाईंनी एक गोष्ट मागितली आहे, आणि तुम्ही तीपण नको म्हणता? ते रानात गेले. पण नंतर परत नाही म्हणाले नाहीत.

खरं सांगायचं तर मला त्या कावळ्याची फिकीर नव्हती. मला वाटत होतं, ही तिथं जाईल, ते वर जाताना पाहील, आणि एकदाची रडेल. तेवढ्यासाठीच मी तिची वकील झाले. शब्द पुरा झाला की पोरगी सुटेल आणि मागोमाग हीसुद्धा सुटेल, असा माझा हिशोब होता.

हुदा घरी आली ती उड्डाणाची नवी तारीख घेऊनच. सहल परत ठरली होती. तिच्याबरोबर त्यांचे सर होते, ज्ञानेश्वर सर. भला माणूस, पण प्रत्येक वाक्याला नियम काढणारा. विद्यार्थी सोडून बाहेरचं माणूस न्यायचं कसं, जबाबदारी कुणाची, असं त्यांचं चाललं होतं. हुदा म्हणाली, सर, गॅलरीत कुणालाही जाता येतं, ऑनलाइन नाव नोंदवायचं आणि आधार कार्ड न्यायचं. मी भरते काकींचं. सर तरी अडून बसले, म्हणाले, बरोबर कुणी घरची बाई पाहिजे. लंकाबाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मीच म्हणाले, मी येते. जन्मात मी पुणे-मुंबईच्या पलीकडं गेले नव्हते.

भाकरी बांधल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, दशम्या केल्या. रेल्वेत ती मुलं रात्रंदिवस गाणी म्हणत होती, पत्ते कुटत होती. आम्हाला पाहिलं की एकदम गप्प व्हायची, ते मला जास्त छळायचं. मी म्हणाले, अरे गा रे बाळांनो, आम्ही काय खातो का तुम्हाला. पण आमच्या बाकापाशी आली की त्यांचा आवाज उतरायचाच. लंकाबाई खिडकीशी बसली होती आणि बाहेर पाहत नव्हती. एवढी नवी रानं, नवी पिकं, वेगळी माती मागं चालली होती. पूर्वी असती तर उतरून मूठभर माती हातात घेतली असती बाईनं. ती मांडीवरच्या पिशवीकडं तोंड करून बसली होती. पिशवीत एक टी-शर्ट होता. पहिल्या सहलीच्या वेळी सगळ्यांचे टी-शर्ट नावं घालून छापले होते, हर्षालीचा हुदानं सांभाळून ठेवला होता. तो तिनं गाडीत बसल्यावर दिला. लंकाबाईनं घडी न उलगडता पिशवीत ठेवला. पाठीवरचं नावसुद्धा पाहिलं नाही.

उतरलो ते सुल्लुरपेट नावाचं गाव. तिथून बस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं खारं पाणी आणि त्यात लांब पायांचे पांढरे-गुलाबी पक्षी. मी दाखवलं, बाई, बघा. ती हं म्हणाली. मग तपासणी, कार्ड, रांगा. आत रॉकेटचे नमुने उभे केलेले, सर मुलांना समजावत होते कुठला टप्पा कधी गळून पडतो ते. मला तेवढंच कळलं की वर जाताना ते आपलंच अंग थोडं थोडं टाकत जातं. लंकाबाई रांगेत पुढच्याच्या पाठीमागून चालत होती. ना विचारलं, ना थांबली. मला वाटलं, हिला इथं आणून चूक तर नाही ना केली.

गॅलरीत ही गर्दी. पायऱ्या पायऱ्यांनी माणसं बसलेली, पोरंटोरं, म्हातारे, हातात झेंडे. समोर झाडी, झाडीच्या पार पलीकडं ते ठिकाण. भाषा एक कळत नव्हती. ऊन डोक्यावरून कलत होतं आणि घामानं जीव नकोसा झाला होता. मोठ्या पडद्यावर रॉकेट दिसत होतं, पांढरं, सरळ, आंघोळ घालून उभं केल्यासारखं. स्पीकरवर कुणी तरी सारखं बोलत होतं. मी मनात म्हणत होते, आता ढकलू नका बाबांनो, एकदाचं जाऊ दे. हुदा माझ्या एका बाजूला, लंकाबाई दुसऱ्या. तिनं पिशवी छातीशी धरली होती.

आकडे उलटे सुरू झाले. सगळी गॅलरी ओरडायला लागली, आमची मुलं तर बाकावर चढली. आणि झाडीच्या वर उजेड उठला. सूर्य आहे तरी त्याहून जास्त उजेड. आवाज नव्हता काही, नुसता उजेड वर चढत होता. मी विसरलेच सगळं, खोटं कशाला बोलू. तोंड उघडं टाकून पाहत राहिले. मग आवाज आला, आणि तो कानात नाही आला, छातीत आला. बसलो होतो ती पायरी थरथरली. तेव्हा मला तिची आठवण झाली आणि मी वळून पाहिलं.

लंकाबाईचे डोळे मिटलेले होते. गच्च मिटले होते, कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. पदर कपाळावर ओढलेला, आणि पिशवी दोन्ही हातांत धरून हात कपाळाशी नेलेले. मी तिला हलवलं. म्हणाले, बाई, उघडा डोळे, चाललं ते, बाई! तिनं मान खाली घातली. मी तिचा दंड धरून ओढला. दंड लाकडासारखा होता. वर पाहते तो ते ढगात शिरलं होतं, मागं नुसता धुराचा पट्टा राहिला होता.

लोक टाळ्या वाजवत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. आमच्यातल्या कुणी तरी पोरानं तिचा फोटो काढला होता. डोळे मिटलेली, हात कपाळाला लावलेली बाई आणि मागं आकाशात तो धुराचा पट्टा. गॅलरीतून खाली उतरेपर्यंत तो फोटो कॉलेजच्या ग्रुपवर, तिथून आमच्या गावच्या ग्रुपवर गेला होता. आईचा नमस्कार, असं वर लिहून. ज्ञानेश्वर सरांचे डोळे भरून आले होते. ते तिच्यासमोर वाकले आणि म्हणाले, तुमचा नमस्कार तिच्यापर्यंत पोचला, काकी. सर तरी काय करणार बिचारे. आपल्याकडं मोठं काही समोर आलं की बाई हात जोडते आणि डोळे मिटते, हेच सगळ्यांनी आजवर पाहिलेलं. मीही तशीच करते. पण ही नाही करत. एवढ्या माणसांत ते फक्त मला ठाऊक होतं.

बस सुटायला वेळ होता. मुलं पाणी प्यायला पांगली. मी तिला एका झाडाखाली बसवलं. संताप आला होता मला, एवढ्या लांब आणून, घरात भांडणं करून, आणि हिनं आयत्या वेळी डोळे मिटले म्हणून. मी विचारलं, नमस्कार केला का तुम्ही?

"न्हाई."

मग का मिटले, म्हटलं. ती मातीकडं पाहत म्हणाली,

"दवाखान्यात समदी म्हनत व्हती पाहू नको. त्यो कपडा वर करीपत्तूर मला वाटत व्हतं, दुसऱ्या कुनाची असल. मी पाहिलं. आन संपलं, मोहिने. पाहिलं की संपतं."

तिनं पिशवी जवळ ओढली.

"घाटावर ती अडकून पडली व्हती. मंग शब्द द्यायलाच पायजे व्हता, पोरीला असं ताटकळत कसं ठिवायचं? दिला. पर आता ह्ये बी पाहिलं असतं, तर तिचं माज्याकडं काय ऱ्हायलं असतं गं? येवडं एकच तर तिचं काम ऱ्हायलंय माज्याकडं. ऱ्हाऊ दे."

मला बोलायला पुष्कळ होतं. मी गरोदर बायांना समजावते, रडक्या पोरांना समजावते, मला बोलायला कधी कमी पडत नाही. पण त्या वेळी माझाच बांध फुटला, भर रस्त्यात, अनोळखी लोकांत. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण काढलं आणि माझ्या हातात दिली. तिचे डोळे कोरडे होते. थोपटलंही मला, सांत्वनाला आलेल्या बायांना थोपटायची तसंच.

परतीच्या गाडीत ती तशीच होती, पिशवी मांडीवर घेऊन. एका फाटकापाशी गाडी हळू झाली, तिथं एक बैलगाडी थांबली होती. लंकाबाई बाहेर पाहत होती. किती दिवसांनी पाहत होती. म्हणाली, डावा लंगडतोय, नाल निघालाय. मग गाडी पुढं गेली आणि ती पुन्हा पिशवीकडं पाहायला लागली. मी हुदाला हे सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

आमच्या मालकांचा वाटेत फोन आला होता. गावात सगळे फोटो पाहताहेत म्हणाले. आणि हळू आवाजात म्हणाले, दादानं रॉकेट पाहिलं बरं का, मोबाईलवर, लाईव्ह. बांधावर बसून पाहत होता. ते वर गेलं तेव्हा उठून उभा राहिला, आणि नंतर पार अंधार पडेपर्यंत घरी आला नाही.

म्हणजे दादांना ठाऊक होतं. रॉकेट गेलं ते त्यांनी पाहिलं होतं, तिचा फोटोही पाहिला होता. मला आता एकच धास्ती. दादा विचारणार, आणि ही काय सांगणार? पाहिलं म्हणाली तर ती खोटं बोलली, आणि ही बाई खोटं बोलत नाही. नाही पाहिलं म्हणाली तर दादा म्हणणार, मग गेली होतीस कशाला.

घरी पोचलो तेव्हा सकाळ होती. दादा अंगणात क्रेट रचत होते. आम्हाला पाहून हात पुसत उभे राहिले. दाढी वाढली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, तिच्याकडं पाहिलं.

"पाहिलं का?"

लंकाबाई उंबऱ्याच्या अलीकडं थांबली. चपला काढल्या, एका कडेला लावल्या.

"न्हाई," ती म्हणाली. "फुडं ढकललं त्यांनी."

दादांचा हात खिशातल्या मोबाईलवर गेला, तिथंच राहिला. ते तिच्या तोंडाकडं पाहत होते. ती त्यांच्याकडं पाहत होती, सरळ, डोळे उघडे ठेवून, पोह्यांची ताटली देताना पाहिलं होतं म्हणतात तशी. मग त्यांनी खिशातून हात रिकामाच बाहेर काढला.

"ढकलत्यात," ते म्हणाले. "समदं नीट असल्याबिगर सोडत न्हाईत ते."

"व्हय."

"फुडच्या बारीला मी येतो संगं."

"या," लंकाबाई म्हणाली, आणि पिशवी त्यांच्या हातात देऊन पाय धुवायला मागं गेली.